हिवाळ्यात चालणारं ओव्हरक्लॉक दर एप्रिलमध्ये कोसळतं : कारण कसं शोधायचं

डिसेंबरात रात्रभर टेस्ट लावून पक्कं केलेलं ओव्हरक्लॉक, म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं. जानेवारी-फेब्रुवारीत एकदाही कुरकुर नाही. मग होळी होते, दुपारी पंख्याचा वारा गरम लागायला लागतो, आणि एक दिवस रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवणं) ८० टक्क्यांवर आलेलं असताना स्क्रीन निळी होते. दुसऱ्या दिवशी निळीसुद्धा होत नाही, सरळ रीस्टार्ट. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगांत, जाऊन प्रोसेसरचं व्होल्टेज जरासं वाढवलं की चार-आठ दिवस बरे जातात, आणि पुन्हा तेच.

माझ्याकडे हे सलग तीन उन्हाळे झालं. मी अकोल्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. आमच्याकडे लग्नसराई आणि ऊन हातात हात घालून येतात, त्यामुळे मशीनवर वर्षातला सगळ्यात जास्त लोड पडतो तो नेमका पारा ४४-४५ ला टेकलेला असताना. मशीन म्हणजे कोअर आय७-९७००के, २०१८ साली आलेला आठ कोअरचा प्रोसेसर, झेड३९० बोर्ड आणि एका टॉवरचा हवेवरचा कूलर. मूळ सेटिंगवर सगळे कोअर लोडखाली ४.६ गिगाहर्ट्झला चालतात. मी ते ५.० ला नेले होते, १.३० व्होल्टवर. पुढच्या उन्हाळ्यात १.३२ केलं, त्याच्या पुढच्यात १.३४. तिसऱ्या वर्षी १.३६ करायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की दरवर्षी मी एकच औषध वाढवत नेतोय आणि आजार मात्र दरवर्षी लवकर येतोय.

तुमचंही असंच होत असेल तर आधी एवढं पक्कं धरा : प्रोसेसर बहुतेक वेळा खराब झालेला नसतो. जे सेटिंग तुम्ही २० अंशांच्या खोलीत तपासलं, तेच ३८ अंशांच्या खोलीत चालेल असं आपण गृहीत धरलेलं असतं, आणि चूक तिथे असते.

हवेवरचा असो की पाण्यावरचा, कोणताही साधा कूलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोली आणि कोअर यांच्यातला फरक ठरवतो. तेवढ्याच वॅटला हा फरक जवळपास कायम राहतो. खोली १६ अंशांनी तापली की कोअरही निदान १६ अंशांनी तापतो, खरं तर थोडा जास्तच, कारण गरम सिलिकॉनमधून करंटची गळती वाढते आणि त्या गळतीचीही उष्णताच होते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. या व्होल्टेजला गरम झालेल्या चिपला तोच क्लॉक (गिगाहर्ट्झमधला वेग) टिकवायला थोडं जास्त व्होल्टेज लागतं. म्हणजे ७५ अंशांना १.३० व्होल्टवर ठणठणीत चालणारा ५.० गिगाहर्ट्झ ९२ अंशांना त्याच व्होल्टवर चुका करायला लागू शकतो. १०० अंशांची मर्यादा अजून आलेलीही नसते. आपण सॉफ्टवेअरमध्ये ९२ बघतो, ‘मर्यादेच्या आत आहे’ म्हणतो आणि दोष विंडोजवर टाकतो.

आता व्होल्टेज वाढवल्याने काय होतं ते आकड्यांत बघा. प्रोसेसरची कामाची उष्णता ढोबळमानाने क्लॉक गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात वाढते. १.३० चे १.३४ केले की ६ टक्के उष्णता जास्त, आणि त्यातून वेगात शून्य वाढ. मूळ सेटिंगच्या ४.६ गिगाहर्ट्झ-१.२० व्होल्टशी तुलना केली तर ५.० ला १.३४ म्हणजे वेग जेमतेम ९ टक्के जास्त आणि उष्णता ३५ टक्के जास्त. उन्हाळ्यात व्होल्टेज वाढवणं म्हणजे आगीत तेल ओतणं. चार दिवस चुका थांबतात, मग ती जास्तीची उष्णता नव्या चुका घेऊन येते.

पहिलं काम : दोष नक्की ओव्हरक्लॉकचाच आहे का?

बायोसमध्ये डीफॉल्ट सेटिंग लावा. मेमरीचं एक्सएमपीही (रॅमला जास्त वेगावर चालवणारं सेटिंग) बंद करा, कारण तेसुद्धा ओव्हरक्लॉकच आहे आणि त्याचं पाप बऱ्याचदा प्रोसेसरच्या माथी मारलं जातं. दोन दिवस नेहमीचं काम करा. तरीही मशीन बसत असेल तर पुढे वाचण्याआधी वीज, एसएमपीएस (मशीनचा पॉवर सप्लाय) आणि रॅम तपासा. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर एका पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवलं की रॅमचा संशय मिटतो.

डीफॉल्टवर सगळं नीट चाललं तर ओव्हरक्लॉक परत लावा आणि मशीन कसं बंद पडतं ते नीट बघा. बंद पडण्याच्या तऱ्हेतच अर्धं निदान असतं. निळी स्क्रीन येऊन त्यावर ‘व्हीया अनकरेक्टेबल एरर’ किंवा ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ लिहिलेलं असेल, तर त्या तापमानाला त्या क्लॉकसाठी व्होल्टेज कमी पडतंय. मशीन चालू आहे पण रेंडर सात-आठ मिनिटांनी रखडतंय, तर थ्रॉटलिंग. प्रोसेसर १०० अंशांना पोचला की स्वतःचा क्लॉक स्वतः उतरवतो. प्रोसेसर अतितापून स्वतःला तोडतो तेव्हा मशीन बंद पडून राहतं, आपण बटण दाबेपर्यंत उठत नाही. म्हणून स्वतःहून रीस्टार्ट होणाऱ्या मशीनचा दोष नुसत्या तापमानावर ढकलू नका.

विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सगळे ‘कर्नल-पॉवर ४१’ बघून घाबरतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. का झालं ते ती सांगत नाही. शोधायची ती ‘व्हीया-लॉगर’ची नोंद, ‘व्हीया’ म्हणजे हार्डवेअरच्या चुका टिपणारी विंडोजची यंत्रणा. १९ क्रमांकाची असेल तर प्रोसेसरने चूक केली आणि स्वतःच दुरुस्त केली. या नोंदी मशीन कोसळण्याच्या आठवडाभर आधीपासून साचत जातात. माझ्याकडे मार्चच्या शेवटापासून रोज दुपारच्या दोन-तीन नोंदी सापडल्या, सकाळी एकही नाही. तेवढ्यावरूनच ऊन आणि चुका यांचं नातं कळलं असतं, पण मी ती खिडकी कधी उघडलीच नव्हती.

फरक मोजा, तापमान नाही

एक छोटा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि कॅबिनेटच्या पुढच्या पंख्यासमोर, हवा आत जाते तिथे ठेवा. भिंतीवरचा नको, मशीन ज्या हवेत श्वास घेतं त्या हवेचं तापमान हवं. मग तापमान आणि क्लॉक दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडून ठेवा आणि प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणाऱ्या सिनेबेंच आर२३ ची ३० मिनिटांची टेस्ट लावा. शेवटच्या पाच मिनिटांतलं सगळ्यात गरम कोअरचं तापमान लिहा, त्यातून थर्मामीटरचा आकडा वजा करा. हा फरक म्हणजे तुमच्या कूलरची तब्येत. पाण्यावरचा कूलर असेल तर अर्धा तास कमी करू नका. पाणी तापायलाच २०-२५ मिनिटं घेतं आणि दहा मिनिटांची टेस्ट खोटा दिलासा देते.

पहिल्या डिसेंबरची माझी नोंद डायरीत होती : खोली २१, कोअर ७६, म्हणजे फरक ५५. मधल्या काळात व्होल्टेज ६ टक्के उष्णता वाढेल इतकं चढवलं होतं, म्हणजे फरक ५८ च्या आसपास यायला हवा. तिसऱ्या एप्रिलला मोजलं तर खोली ३४ आणि कोअर १००, तेही क्लॉक उतरवून. फरक ६६. वरचे आठ अंश ना उन्हाचे होते, ना व्होल्टेजचे. ते कूलरने गमावले होते.

तुमचा फरक हिवाळ्याएवढाच आला, तर कूलर शाबूत आहे, फक्त हवा गरम आहे. मग साफसफाईचा भाग सोडून थेट क्लॉक उतरवण्याकडे जा. फरक सात-आठ किंवा जास्त अंशांनी वाढला असेल तर बाजूचं पॅनेल काढा आणि टेस्ट पुन्हा लावा. पॅनेल काढल्यावर तापमान बरंच उतरलं तर कॅबिनेटमधली हवा तुंबते आहे. फारसं हललं नाही तर दोष कूलरमध्ये किंवा पेस्टमध्ये (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहायला लावतात ती).

इथे खोलीतल्या कूलरबद्दल बोलायला हवं. विदर्भात ‘कूलर’ म्हटलं की घरातलं कुणीही प्रोसेसरच्या कूलरकडे बघणार नाही, खिडकीतल्या पाण्याच्या कूलरकडे बघेल. तो मशीनचं भलंही करतो आणि वाटोळंही. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत बाहेर ४४ असताना खोली ३०-३२ ला आणतो, त्याचा फायदा प्रोसेसरला सरळ मिळतो. पण वीज गेली की कूलर थांबतो आणि मशीन इन्व्हर्टरवर चालूच राहतं. तासाभरात खोली ३८ ला जाते. माझ्या दोन-तीन वेळच्या ‘लाइट आल्यावर झालेल्या’ क्रॅशचं कारण लाइट नव्हतीच, मधल्या एका तासातली खोली होती.

आणि धूळ. कोरडी धूळ फुंकरीने उडते. पाण्याच्या कूलरच्या ओलसर हवेतली धूळ प्रोसेसरच्या कूलरच्या फिनांना (पातळ पत्र्यांना) चिकटते आणि वाळून नमद्यासारखी घट्ट होते. त्यात आमचं पाणी खारपाणपट्ट्यातलं. वुडवूलवर पांढरा थर धरतो तोच क्षार तुषारांतून हवेबरोबर उडतो. कूलरची हवा थेट कॅबिनेटवर येईल असं मशीन कधीही ठेवू नका, चार-पाच फूट बाजूला आणि जमिनीपासून उंच ठेवा.

मी प्रोसेसरच्या कूलरचा पंखा काढला तो दिवस मला स्पष्ट आठवतो. समोरून बघितलं तर पाती स्वच्छ, पंखा व्यवस्थित फिरतोय. म्हणूनच दोन वर्षं वाटत राहिलं की कूलर साफ आहे. दोन तारेच्या क्लिपा काढून पंखा बाजूला केला आणि मागे फिना दिसल्याच नाहीत. करड्या रंगाची एक अखंड गादी होती, वरच्या दोन-तीन बोटांएवढ्या जागेतून काय ती हवा जात होती. नखाने कोपरा उचलला तर सगळी एका तुकड्यात सोलून निघाली, फिनांच्या रेघा तिच्या मागच्या बाजूला उमटलेल्या. शेजारच्या फोटो स्टुडिओतले दादा बघत उभे होते. ते म्हणाले, “भाऊ, हे तर रजईतला कापूस निघाला.” त्यांच्या दोन्ही मशीनचे पंखे आम्ही त्याच संध्याकाळी काढले, आणि एकात अशीच गादी होती.

साफ करताना प्लग काढा, बटण दोन-तीनदा दाबून उरलेला करंट जाऊ द्या, आणि मशीन गॅलरीत न्या. हातातल्या ब्लोअरने मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा बेफाम फिरला तर बेअरिंग जातं आणि उलटा करंट बोर्डात जाऊ शकतो. व्हॅक्यूम क्लीनरचं नळकांडं बोर्डाला लावू नका, स्टॅटिकचा धोका असतो.

पेस्टही बदलायची असेल तर कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून गरम करा, म्हणजे पेस्ट मऊ होते. मग कूलर सरळ वर ओढू नका, आधी डावी-उजवीकडे हलका पीळ द्या. जुन्या रायझनच्या एएम४ सॉकेटमध्ये ही काळजी फारच महत्त्वाची आहे. तिथे पिना प्रोसेसरला असतात आणि सुकलेल्या पेस्टला चिकटून अख्खा प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो.

निघालेल्या पेस्टचा ठसा नीट बघा, पुसायची घाई करू नका. माझ्या ठशात एका बाजूला पेस्ट कागदासारखी पातळ दाबली गेली होती आणि दुसऱ्या बाजूला जाड, कोरडी, भेगाळलेली. म्हणजे कूलर पहिल्या दिवसापासून तिरपा बसला होता. एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याला हात घातला की हेच होतं. चाकाचे नट जसे समोरासमोरचे थोडे थोडे आवळतात, तसेच हे चार स्क्रू दोन-दोन फेऱ्यांनी आवळायचे. जुनी पेस्ट आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, मोबाइल दुरुस्तीच्या कोणत्याही दुकानात मिळतं. नवी पेस्ट मधोमध तुरीच्या मोठ्या दाण्याएवढी पुरते. पंख्याची दिशाही बघून घ्या : फ्रेमच्या आडव्या दांड्या ज्या बाजूला, हवा त्या बाजूने बाहेर पडते. पुढून आत, मागून बाहेर. आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा एकाने जास्त ठेवलेत आणि त्यांना जाळी लावलीत, तर धूळ फटींतून न येता जाळीत अडकते, आणि जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुता येते.

एवढं करून फरक ६६ वरून ५८ ला आला. हिशेब जुळला.

तरीही क्लॉक उतरवायलाच लागला

खोली ३८ ला गेली की ५८ मिळवून ९६ होतात, आणि तिथे १.३४ व्होल्टही पुरेसे राहत नाहीत. मोठा कूलर हा एक मार्ग आहे, पण त्याने फरक थोडाच कमी होतो. क्लॉक आणि व्होल्टेज मिळून उतरवणं जास्त उपयोगी पडतं, आणि एक रुपया लागत नाही.

मी मल्टिप्लायर ५० चा ४८ केला, म्हणजे क्लॉक ५.० चा ४.८, आणि व्होल्टेज एकेक शतांशाने खाली आणत गेलो. प्रत्येक पायरीला अर्ध्या तासाची टेस्ट, आणि टेस्ट संपली की व्हीया-लॉगर उघडून बघायचं. १.२३ ला एक १९ क्रमांकाची नोंद दिसली, म्हणून १.२४ वर थांबलो. वेग ४ टक्के गेला, उष्णता १८ टक्के गेली. दोन तासांच्या रेंडरला पाचेक मिनिटं जास्त लागतात. थ्रॉटलिंगमध्ये मी रोज त्यापेक्षा जास्त गमावत होतो.

व्होल्टेज ‘ऑटो’वर ठेवू नका. क्लॉक वाढवल्यावर बरेच बोर्ड ऑटोमध्ये गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देतात. लोड-लाइन कॅलिब्रेशन (लोडखाली घसरणारं व्होल्टेज सावरणारं सेटिंग) मधल्या पायरीवर ठेवा. सगळ्यात कडक पायरीवर लोड सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि ते आपल्याला सॉफ्टवेअरमध्ये दिसतही नाही. क्रॅश फक्त एव्हीएक्स (प्रोसेसरला जास्त तापवणाऱ्या जड गणिती सूचना) वापरणाऱ्या कामातच होत असेल, तर एव्हीएक्स ऑफसेट १ किंवा २ ठेवा, म्हणजे तेवढ्याच कामापुरता क्लॉक उतरतो.

हे झाल्यावर दोन प्रोफाइल सेव्ह करा, एक थंडीचं, एक उन्हाळ्याचं. आणि ओव्हरक्लॉक पक्कं करायची टेस्ट मे महिन्यातल्या दुपारी तीन वाजता, खोलीतला कूलर बंद करून घ्या. त्या तासाला जे टिकलं ते वर्षभर टिकतं. डिसेंबरातल्या पहाटेच्या टेस्टवर विसंबून मी तीन हंगाम गिऱ्हाइकांना तारखा चुकवल्या.

यातून सुटलं नाही तर दोन जागा उरतात. कोअर ८० लाच आहेत, तरी क्लॉक पडतोय? एचडब्ल्यूइन्फोमध्ये व्हीआरएमचं (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारे बोर्डावरचे भाग) तापमान आणि ‘पॉवर लिमिट एक्सीडेड’ या ओळी बघा. पाण्यावरचा कूलर बसवल्यावर सॉकेटच्या आजूबाजूचा वारा बंद होतो आणि व्हीआरएम भाजायला लागतात. तिथे वारा लागेल असा एक छोटा पंखा बसवला तरी फरक पडतो. दुसरी जागा विजेची. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गल्लीतले सगळे एसी-कूलर सुरू झाले की व्होल्टेज झोके खातं आणि यूपीएस सारखा बॅटरीवर जातो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस जेमतेम ३६० वॅट पेलतो. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड एकदम जोरात असताना तो बॅटरीवर गेला की मशीन त्याच क्षणी रीस्टार्ट होतं. यूपीएसचा ‘टक’ आवाज आणि रीस्टार्ट एकत्र येत असतील तर बायोसला हात लावू नका.

ज्यांच्याकडे नवे प्रोसेसर आहेत त्यांच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी. रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण लोडला ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवले आहेत, तो आकडा बघून कूलर बदलू नका. उन्हाळ्यात त्यांचा इको मोड, म्हणजे कमी वॅटवर चालवणारं सेटिंग, लावून बघा. आणि इंटेलचे १३व्या-१४व्या पिढीतले जास्त वॅटचे डेस्कटॉप प्रोसेसर असतील, तर तिथे गरजेपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे चिपलाच इजा होण्याचा प्रश्न होता. कंपनीने तो मान्य करून ऑगस्ट २०२४ पासून दुरुस्तीचे मायक्रोकोड (बायोसबरोबर येणारा प्रोसेसरचा आतला कोड) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुम्ही अजून ते आलेलं ताजं बायोस टाकलं नसेल तर आजच टाका. ओव्हरक्लॉकचा विचार त्यानंतर. अपडेटनंतर डीफॉल्टवरही क्रॅश होत असेल तर वॉरंटीचा अर्ज करा, कारण झालेली इजा मायक्रोकोडने भरून निघत नाही.

यंदा नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी मी टेस्ट लावली. खोलीतला कूलर बंद, खिडकी उघडी. थर्मामीटर ३८, कोअर ८६, क्लॉक शेवटच्या मिनिटापर्यंत ४.८, व्हीया-लॉगर रिकामा. चिकटपट्टीवर हे चार आकडे आणि तारीख लिहून कॅबिनेटच्या पॅनेलला आतून लावलंय, डिसेंबरच्या आकड्यांच्या खाली.